पांढऱ्याखालचा डाळिंबी

लातूर जिल्हा झाला तेव्हा गंजगोलाईत हलग्या वाजल्या, पेढे वाटले गेले. आता कागदाच्या कपट्यासाठी उस्मानाबादचा फेरा नको, असं जो तो सांगत सुटला. मग पावसानं पाठ फिरवली आणि लोकांच्या ध्यानात आलं, की जिल्ह्याला कचेरी मिळाली, साहेब मिळाले, साहेबांना पांढऱ्या गाड्या मिळाल्या. पाणी तेवढं द्यायचं राहून गेलं.

त्या पांढऱ्या गाड्यांवरच विरूपाक्षचं घर चालायचं. औसा रोडच्या आतल्या गल्लीत दोन खोल्या आणि गल्लीच्या बाजूनं पत्र्याचं शेड. अख्ख्या गाड्या गॅरेजात जायच्या. विरूपाक्षकडं यायचं ते पिशवीत मावणारं काम: आरशाची टोपी, पेट्रोलच्या टाकीचं झाकण, दिव्याची जाळी, चाकाची वाटी. जुना रंग खरवडायचा, खड्ड्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, वाटरपेपरनं घासायचं, प्रायमर द्यायचा आणि मग गाडीच्या रंगाशी रंग जुळवून गननं फवारायचा. उन्हानं गाडी विटलेली असते, म्हणून कंपनीच्या डब्यातला पांढरा तिला चालत नाही. त्यात थेंबभर पिवळा, सुईच्या टोकाएवढा काळा घालावा लागतो. काडी बुडवायची, वाळू द्यायची, मग ताडून बघायची. विरूपाक्ष म्हणायचा, ओला रंग खोटं बोलतो, वाळला की खरं बोलतो.

फवारायच्या आधी जमिनीवर पाणी शिंपडायचं, हा या धंद्यातला नेम. जमीन कोरडी असली की गनच्या वाऱ्यानं धूळ उठते आणि ओल्या रंगावर बसते. शिंपडायचं काम त्याच्या बायकोचं, दानम्माचं. विरूपाक्षनं गन हातात घेतली की तिचा आवाज यायचा, "थांबा जरा. शिपडू द्या. रंग वाया गेला तर पुन्हा माझ्याच हाताला घासायला लावताल."

दुष्काळात पाणी महाग झालं तरी तिनं नेम मोडला नाही. भांडी विसळलेल्या पाण्यात ती जाळ्या घासायची, ते पाणी परातीत निवळू द्यायची आणि वरचं वरचं जमिनीवर मारायची. पाण्यालासुद्धा तीनदा कामाला लावणारी बाई.

टँकरच्या रांगेत घागरींवरून रोज भांडणं. सगळ्या घागरी पत्र्याच्या, सगळ्या सारख्या. एक दिवस दानम्मा आपली घागर घेऊन शेडात आली आणि लग्नातलं इरकल लुगडं पुढं धरून म्हणाली, "ह्या काठाचा रंग द्या हिला. अख्ख्या लातुरात दुसरी नको."

"घागरीला गाडीचा डुको? येडी का खुळी?"

"साहेबांच्या गाडीला चालतंय, माझ्या घागरीला चालत न्हाई व्हय?"

विरूपाक्षनं ती दुपार त्यातच घालवली. डॉक्टरांच्या फियाटचा उरलेला मरून रंग, टेम्पोचा पिवळा, तळाशी राहिलेला काळा. काडी बुडवायची, वाळवायची, काठाशी धरायची, मान हलवायची. शेवटी जुळला. पिकलेल्या डाळिंबाचा दाणा उन्हात धरावा तसा, वरून गर्द आणि आत पेटलेला. रांगेत बायका हसायच्या, "आगं दानम्मे, घागर हाय का नवरी?"

"नवरीच हाय. हात लावशील तर हुंडा द्यावा लागंल."

पाडव्याच्या आदल्या आठवड्यात, फटफटताना, त्या रांगेत एक गाडी घुसली. बायका पांगल्या. दानम्मा घागर उचलायला वाकली होती.

गाडी थांबली, अंधारात कुणीतरी उतरलं, पुन्हा चढलं आणि गाडी गेली. घागर गटारीत सापडली, चेपून चपटी झालेली. चौकीतल्या हवालदारानं पंचनाम्यात लिहिलं, अज्ञात वाहन. गाडी पांढरी होती, एवढंच बायका बोलल्या. जिल्ह्यात मानाची प्रत्येक गाडी पांढरी, तेव्हा पांढरी होती म्हणजे कुणाचीच नव्हती.

बायकांना ठाऊक होतं का? होतं. त्या भागातला टँकर शेषेराव कंत्राटदाराचा, आणि टँकरच्या पुढं त्याची पांढरी जीप यायची, राजाच्या पुढं चोपदार यावा तशी. पण पाणी ज्याच्या हातात, त्याचं नाव घेऊन घागर कोण रिकामी ठेवील? पोरांच्या घशापुढं न्याय हलका पडतो. बायका गप्प बसल्या. विरूपाक्षला कुजबूज ऐकू यायची, नाव ऐकू यायचं नाही.

दानम्माला लिंगायत रीतीप्रमाणं माती दिली. खड्ड्यात मांडी घालून बसवली, डाव्या तळहातावर तिचं इष्टलिंग ठेवलं, अंगावर इरकल. तो डाळिंबी रंग आता दोनच ठिकाणी उरला: एक मातीखाली, एक भिंतीशी ठेवलेल्या चपट्या घागरीवर.

"फेक की ती," आई पार्वतम्मा म्हणायची. "डोळ्यांम्होरं नको."

तो फेकत नव्हता. त्याला दुसरं काही नको होतं. ज्यानं मारली त्यानं आपल्या तोंडानं, चार लोकांत, मी मारली म्हणावं. एवढंच. अज्ञात वाहनाला तोंड नसतं, पण चालवणाऱ्याला असतं.

वैशाखातल्या एका सकाळी शेडातली जमीन ओली दिसली. नीट, कोपऱ्यापासून दारापर्यंत शिंपडलेली. विरूपाक्ष भडकला. "अव्वा, प्यायला पाणी न्हाई आन तू शिपडून राहिलीस?"

"म्या?" पार्वतम्मा रांजणाकडं बोट दाखवत म्हणाली, "तळ खरवडून तांब्याभर निघालंय. तूच सांडलं आसशील. म्हातारीच्या डोक्यावर खापर फोडू नगंस."

दोघं एकमेकांवर चिडून आपापल्या कामाला लागले. दुपारपर्यंत ओल तशीच होती. बाहेर डांबर पाघळत होतं आणि शेडातली माती काळीभोर, गार.

त्याच दुपारी नरसिंग आला, शेषेरावाच्या जीपचा ड्रायव्हर. खांद्यावर गोणपाट. त्यानं जमिनीकडं पाहिलं आणि चपला बाहेर काढल्या, देवळात काढाव्यात तशा.

"अप्पा, काम हाय जरा." त्यानं गोणपाट उलटं केलं. जीपच्या पुढच्या दिव्यांवरच्या दोन जाळ्या आणि एक आरसा. "मालकाचा सत्कार हाय पुढल्या हप्त्यात. दुष्काळात पाणी पाजलं म्हणून. मोठे लोक येणार हायती. जीप चकाचक पायजे म्हणले."

डावी जाळी आत वळलेली होती. "हे कशानं झालं?"

"बाभळीला घासली."

"कुठल्या बाभळीला?"

नरसिंग भिंतीशी ठेवलेल्या घागरीकडं बघत होता. "मालक म्हणले, गॅरेजात नको, घरी करणाऱ्याकडं दे," एवढं बोलून, पाणीसुद्धा न मागता तो गेला.

विरूपाक्षनं जाळी उजेडात धरली. कुणीतरी ती घासूनपुसून साफ केली होती. पण सळई जिथं कडीला जोडलेली असते तिथं फडकं पोचत नाही. त्या बेचक्यात नखाएवढी रेघ होती. त्यानं चिंधीला थिनर लावलं आणि रेघेवर दाबून धरलं. डुको कितीही जुना होवो, थिनरपुढं विरघळतो. चिंधी उचलली तेव्हा तिच्यावर डाळिंबी उतरला होता.

बाभळीला डुको लावलेला नसतो.

तो तसाच उठला, जाळी आणि चिंधी घेऊन चौकीत गेला. हवालदार जेवून टेकला होता. त्यानं जाळी हातात घेतली, बेचक्यातली उरलेली रेघ अंगठ्याच्या नखानं खरवडली आणि नख फुंकलं.

"हा पुरावा?"

"माझ्या बायकोच्या घागरीचा रंग हाय साहेब."

"लाल रंग काय तुझ्या बापाचा हाय का? कुकू बी लालच आसतंय."

"लाल न्हाई. डाळिंबी हाय. म्या केलेला. दुसऱ्या कुणाकडंच न्हाई हा."

"आस्सं?" हवालदार खुर्चीत सरळ झाला. "दुसऱ्या कुणाकडंच न्हाई. मग तूच मारलीस आसं लिहू का? जा बाबा. टँकर बंद झाला तर गल्लीतल्या बायाच तुला चपलेनं हाणतील."

विरूपाक्ष परत आला. त्यानं जाळी बाजूला ठेवली. घागर मांडीवर घेतली आणि ब्लेडनं तिच्यावरचा रंग खरवडायला बसला.

"काय करून राहिलास रं?" पार्वतम्मानं विचारलं.

"सत्काराची तयारी."

लालावर पांढरा मारायचा तर मध्ये चंदेरीचा हात द्यावाच लागतो. नाहीतर लाल खालून वर येतो. आज नाही, उद्या नाही, पण उन्हं लागली की पांढऱ्यातून गुलाबी डाग उमटतात. ही चूक शिकाऊ पेंटर एकदा करतो आणि जन्मभर विसरत नाही. विरूपाक्ष ती मुद्दाम करणार होता. जाळीवर आधी घागरीचा रंग, त्यावर थेट पांढरा. सत्काराच्या दिवशी मंडपापुढं, भर गर्दीत, जीपच्या दिव्यांभोवती दानम्माचा रंग उमटेल. तेव्हा तो पुढं होऊन विचारणार होता, हा रंग कुठून आला, सांगा. मग तिथंच आपल्याला हाणून मारलं तरी चालेल, पण विचारणार होता.

खरवडून निघालेली साल मूठभरसुद्धा नव्हती. वाटीत टाकून त्यानं वर थिनर ओतलं. साल विरघळली आणि वाटी काठोकाठ भरली. आपण थिनर जास्त ओतलं असेल, असं त्याला वाटलं. पण रंग पातळ नव्हता, दाट होता. गनच्या कपात ओतला, कप भरला. वाटीत तेवढाच राहिला.

त्यानं काँप्रेसर सुरू केला, तोंडाला रुमाल बांधला. थिनरचा वास नाकात सुयांसारखा शिरतो, दुसरं काही कळू देत नाही. त्या दिवशी मात्र रुमालातून वेगळाच वास आला. भरून आणलेल्या घागरीचा, बाहेरून पाझरलेल्या ओल्या पत्र्याचा.

डाळिंबीचा हात वाळला. त्यावर पांढरा मारला आणि तो पिठासारखा फटफटीत, धुरकट पडला. पावसाळ्यात, हवेत ओल असली की असं होतं. श्रावणात पेंटर कामच घेत नाहीत. पण हा वैशाख होता, बोलताना ओठ फुटत होते. विरूपाक्ष बघत राहिला. त्याच्या डोळ्यांदेखत ती धुरकट साय एका टोकाकडून विरत गेली, कुणी ओल्या हातानं पुसत न्यावी तशी. खाली लखलखीत पांढरा. इतका साफ हात त्याच्या गनला आजवर कधी बसला नव्हता.

दुसऱ्या दिवशी नरसिंग जाळ्या आणि आरसा घेऊन गेला. जाताना त्यानं हात जोडले. विरूपाक्षनं तिकडं पाहिलंसुद्धा नाही. त्याच्या हिशेबात गाडी चालवणारा नरसिंगच होता.

सत्काराच्या आदल्या दिवशी नरसिंग पुन्हा आला. तोंड उतरलेलं.

"जाळ्यांवर डाग आले?" विरूपाक्षनं विचारलं. आवाजातला आनंद त्याला लपवता आला नाही.

"जाळ्या पांढऱ्याफेक हायत, अप्पा. बॉनेटवर आलंय."

"बॉनेटला म्या हात लावलेला न्हाई."

"तेच तर. आधी बॉनेट, मग काच बसवलेली चौकट. घासलं की जातंय, उन्हात लावली की येतंय. काल ष्टेरिंगवर आलं. काळ्या ष्टेरिंगवर, दोन्हीकडं, मालक हात ठेवतेत तिथं."

विरूपाक्षनं हातातली काडी खाली ठेवली. "मालक? जीप तू चालवतोस ना?"

नरसिंग खाली बसला.

"त्या दिशी मालक चालवत हुते. रात्रभर निलंग्याला बसले हुते, घेतलेली हुती. म्या म्हनलं, मला द्या, तर शिवी घातली. बाई... वैनी वाकल्या हुत्या. मालक म्हनले, उतर, जाळीत काय आडकलंय काढ." त्यानं हात पुढं केले. दाही बोटांची टोकं डाळिंबी होती, पेरापर्यंत, मेंदी लावल्यासारखी. तळवे स्वच्छ. "म्या घागर उपसून काढली. गटारीत टाकली. तेवढंच शिवलो, अप्पा. बसवाण्णाची आन."

"मी कोण, ठाऊक हुतं तुला?"

"ठाऊक हुतं म्हणून तर हितं आणल्या. त्यांनी घरी करणाऱ्याकडं दे म्हनलं, तुझं नाव म्या काढलं. तोंडानं सांगायची छाती न्हाई झाली."

त्याला मारावं की पाणी द्यावं, हे विरूपाक्षला कळेना. पार्वतम्मानं आतून तांब्या आणला आणि नरसिंगपुढं ठेवला. तो प्याला नाही. उठून गेला, तो किल्लारीकडच्या आपल्या गावी. जीपची किल्ली मालकाच्या दारात ठेवून.

सत्काराच्या दिवशी सकाळी जमीन ओली होती. पार्वतम्मानं पाहिलं, विरूपाक्षनं पाहिलं. या वेळी कुणी कुणाला दोष दिला नाही. म्हातारी वाकली, ओल्या मातीचं बोट कपाळाला लावलं आणि घरात गेली.

भर दुपारी गल्लीत टँकर आला. रांग लागली. टँकरमागून चालत, छत्रीशिवाय, एकटा शेषेराव आला. कडक इस्त्रीचे कपडे, कपाळावर गंध, दोन्ही हात टॉवेलात गुंडाळलेले. तो सरळ शेडात शिरला.

"ए पेंटर. हे काढ."

टॉवेल गळून पडला. तळवे, बोटं, मनगटापर्यंत दोन्ही हात डाळिंबी. रंग लागल्यासारखे नव्हे. हात तसेच घडवल्यासारखे.

"काल जीप धुताना लागलं," शेषेराव म्हणाला. "रॉकेल झालं, साबण झाला. संध्याकाळी हार घ्यायचाय."

विरूपाक्षनं चिंधी थिनरमध्ये बुडवली आणि त्याचा तळवा पुसला. डाळिंबी निघाला. खालची कातडी दिसली. त्यानं चिंधी उलटून पाहिली. ती कोरी होती.

शेषेराव हसला, "निघालं की," आणि हसता हसता थांबला. रेषांमधून, बोटांच्या बेचक्यांमधून रंग परत चढत होता. सावकाश. ओल चढते तसा.

"खालून येतंय," तो म्हणाला. आवाज लहान मुलासारखा झाला होता. "पेंटर, हे खालून येतंय."

"येणारच. मधी चंदेरी न्हाई ना."

"म्हंजे?"

"लालावर पांढरा द्यायचा तर मधी चंदेरी लागतो. त्याबगर थांबत न्हाई."

"मग मार की! बघतोस काय? हातावर मार!"

बाहेर रांगेतल्या बायकांची बडबड थांबली होती. दार सताड उघडं. विरूपाक्षनं गनमध्ये चंदेरी ओतला, गन हातात घेतली आणि तसाच उभा राहिला.

"खाली काय हाय ते कळल्याबगर मी वर हात देत न्हाई. धंद्याचा नेम हाय. बोला, खाली काय हाय?"

"रंग हाय."

"कुणाचा?"

शेषेरावानं दाराकडं पाहिलं. ओठांवरून जीभ फिरवली. जीभ कोरडी होती.

"घागरीचा," तो पुटपुटला.

"मोठ्यानं."

"तुला ठाऊक न्हाई मी कोण—"

"ठाऊक हाय. बायांना बी ठाऊक हाय. तुमच्याच तोंडानं ऐकायचं हाय."

रंग मनगट सोडून वर निघाला. इस्त्रीच्या पांढऱ्या बाहीवर आतून एक डाग उमटला आणि पसरायला लागला.

"मी हुतो!" शेषेराव ओरडला. "जीप मी चालवत हुतो! मी मारली तिला, म्याच मारली!"

टँकरच्या नळाखालची घागर भरून वाहायला लागली. कुणी ती सरकवली नाही. त्या दुष्काळात पाणी रस्त्यावर वाहत होतं आणि रांगेतली एकही बाई जागची हलली नाही.

विरूपाक्षनं गनचा खटका दाबला.

चंदेरी बसला. तळवे आरशासारखे झाले. मग पांढरा, एक हात, दुसरा हात. शेषेरावानं डोळे मिटले. त्याचा चेहरा सैल पडला.

"गार लागतंय," तो म्हणाला. "पाण्यात घातल्यासारखं."

रंग वर आला नाही.

विरूपाक्षला हवं होतं ते मिळालं होतं. गन खाली ठेवताना त्याच्या लक्षात आलं, की काँप्रेसरचं बटण त्यानं दाबलंच नव्हतं. वीज सकाळपासून नव्हती.

संध्याकाळी सत्कार झाला. पाहणारे सांगतात, शेषेरावानं हार घेतला, सभेला हात जोडले आणि जोडलेलेच ठेवले. भाषणं झाली, टाळ्या झाल्या, आभार झाले. हात सुटले नाहीत. लोक म्हणाले, एवढं नाव झालं तरी किती नम्र माणूस.

दुसऱ्या दिवशी भरलेला टँकर गल्लीत आला. नळ फिरवला, पाणी येईना. क्लीनर वर चढला, झाकण उघडून आत वाकला आणि वरूनच खाली पडला.

टाकीत शेषेराव बसला होता. पद्मासनात, पाठ ताठ. हात आता सुटले होते. डावा तळहात पुढं धरलेला, वर काहीतरी ठेवल्यासारखा. दोन्ही हात पांढरेशुभ्र.

शेषेरावाच्या घराण्यात माणसाला जाळतात, बसवत नाहीत.

दवाखान्यात डॉक्टरनं पोट दाबलं तर तोंडातून घागरभर पाणी निघालं. कागदावर लिहिलं, बुडून मृत्यू. टाकी कोरडी ठणठणीत होती. पंचनामा त्याच हवालदारानं केला. या वेळी त्यानं सही डाव्या हातानं केली, असं गल्लीत कुणीतरी बोललं.

मग दिवस गेले. मृग कोरडा जाणार अशी चिन्हं होती. टँकर दुसऱ्याचा आला, रांग तीच राहिली. पण आता बायका घागरी खाली ठेवताना शेडाकडं तोंड करून ठेवायच्या आणि पाण्याची पहिली ओंजळ चपट्या घागरीवर ओतायच्या. पत्रा उघडा पडला होता, तरी गंज धरत नव्हता. नरसिंगचा निरोप आला, बोटं निवळली म्हणून.

विरूपाक्ष आरशाच्या टोप्या रंगवत होता. आपल्याला आता मोकळं वाटायला हवं, असं त्याला वाटायचं.

एका सकाळी तो उठला. जमीन ओली होती. कोपऱ्यापासून दारापर्यंत, नीट.

पार्वतम्मा उंबऱ्यावर बसली होती. "आज कुणाचं काम हाय रं?"

"कुणाचंच न्हाई, अव्वा."

"मग शिपडलंय कशाला तिनं?"

त्यानं गन धुतली, नळी पुसली, चंदेरीचा डबा हलवून कपात ओतला आणि वाट बघत बसला.

दुपारी गल्लीत सायकल थांबली. हवालदार आला होता. डोक्यावर टोपी नव्हती. उजव्या हाताचा अंगठा त्यानं डाव्या मुठीत घट्ट आवळून धरला होता आणि मुठीच्या फटीतून डाळिंबी दिसत होता.

तो दारातच घुटमळला.

"या," विरूपाक्ष म्हणाला. "जपून या. जमीन ओली हाय."